चौथा पट्टा

खटला जिंकल्यावर राउशान बेकेनोवा कोर्टात कधी रेंगाळत नसे. हरलेल्याच्या नजरेला नजर द्यायची नाही, फायली पिशवीत कोंबायच्या आणि तडक गाडी गाठायची, ही तिची चोवीस वर्षांची रीत. कोस्तानाय प्रांतात कंपन्यांची बाजू मांडणारे वकील पुष्कळ होते, पण एखादं प्रकरण अडलं की मालकमंडळी तिचंच नाव घेत, तेही 'आपाय', म्हणजे ताई, लावून. "राउशान आपायकडे द्या, तो कामगार पुन्हा दारात दिसायचा नाही." हे तिच्या कानावर येई आणि तिला बरं वाटे. उगाच कशाला नाकारा.

त्या फेब्रुवारीत मात्र बोझतोबेच्या तालुका कोर्टात निकालाची प्रत मिळायला उशीर झाला. कारकून जेवायला गेला होता. राउशान बाकावर बसून राहिली आणि नेमके तेव्हाच काइरोल्ला आगा शेजारी येऊन बसले. तासाभरापूर्वी ते तिच्यामुळेच हरले होते.

काइरोल्ला हे बोझतोबेच्या धान्यकोठारातले पाळीचे मुकादम. वय अठ्ठावन्न, नोकरी एकतीस वर्षांची. ऑक्टोबरात गव्हाचा हंगाम ऐन भरात असताना त्यांनी धान्य वर चढवणारा चौथा पट्टा कुणाला न विचारता बंद केला, आणि दोन दिवस कुणाला चालू करू दिला नाही. वरचं बेअरिंग तापतंय, असं त्यांचं म्हणणं. कंपनीचं म्हणणं, सगळं ठीक होतं, म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरलं. त्यांना काढून टाकलं. नोकरी परत मिळावी म्हणून ते कोर्टात आले, तेव्हा राउशाननं यंत्राची नोंदवही पुढे केली. पट्टा बंद व्हायच्या आधीच्या दोन दिवसांचं तापमान चाळीस अंश, दर तासाला, एकाच शाईत, एकाच वळणात लिहिलेलं. ते वळण तिच्या लक्षात आलं होतं. पण अशिलाला नको ते विचारायचं नाही, हा धडा ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

"कारिंदास," काइरोल्ला म्हणाले. थोरला भाऊ धाकटीला हाक मारतो तशी. "बोललीस मात्र झकास. मलाच वाटायला लागलं, मी उगाच बंद केला पट्टा."

"अपील करता येतं, आगा. महिन्याची मुदत आहे."

"ते सांगायला माझा वकील आहे. मला एवढंच सांग, तू कधी वर गेलीयेस? त्या पट्ट्यापाशी?"

"माझं काम कागदांशी."

"हं," ते म्हणाले. मग टोपी घालून निघून गेले. कारकून आला, तिनं प्रत घेतली आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला.

मार्चमध्ये कंपनीचे संचालक तोलेगेन आगा यांनी तिला पुन्हा बोलावलं. तोलेगेन आगा साठीचे, भरदार, हसतमुख. गावात कुणाचं लग्न असो की मयत, त्यांची मेंढी पोचल्याशिवाय पंगत बसत नसे. त्यांना 'नाही' म्हटलेलं गावात कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या कचेरीच्या खिडकीतून कोठाराचे उंच करडे मनोरे दिसत. काचेवर बोट ठेवलं तर पट्ट्यांची घरघर बोटाला जाणवे.

"खा आधी," त्यांनी बाउरसाकची, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, थाळी पुढे सरकवली. चहात दूध त्यांनी स्वतः ओतलं. "उपाशी वकील कागद नीट वाचत नाही."

प्रकरण नवं होतं. ताश्कंदच्या एका पीठगिरणीनं दावा लावला होता. ऑक्टोबरचा गहू वेळेवर पोचला नाही, गिरणी बंद पडली, भरपाई द्या.

"आपण म्हणायचं, उशीर आमच्या हातचा नव्हता," तोलेगेन आगा म्हणाले. "यंत्रात खराच धोका होता, म्हणून थांबवावं लागलं. हे बघ हुकमाचं पान."

त्यांनी निळी फाईल उघडून दिली. आत शहरातून बोलावलेल्या एका इंजिनिअरचा अहवाल होता. तारीख सोळा ऑक्टोबर. राउशाननं वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच परिच्छेदाला तिच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. चौथ्या पट्ट्याच्या वरच्या टोकाचं बेअरिंग निकामी होत आलेलं. तापमान सांगणाऱ्या यंत्राची तार मुद्दाम कापलेली. खोलीत सगळीकडे धुळीचा बोटभर थर. बेअरिंग आणि त्याचा दांडा बदलल्याशिवाय पट्टा चालवू नये. स्फोटाचा धोका.

गव्हाची धूळ हवेत दाटली आणि तिला एक ठिणगी मिळाली तर काय होतं, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. राउशान शाळेत असताना नदीपलीकडच्या एका गावचं कोठार उडालं होतं. तिच्या वर्गातल्या तीन मुली त्यानंतर आठवडाभर शाळेत आल्या नाहीत, आणि आल्या तेव्हा तिघींच्या डोक्याला दुखवट्याचे पांढरे रुमाल होते.

"आगा," तिनं घास गिळला. "हा कागद कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"ऑक्टोबरपासून."

"आणि त्या कामगाराच्या खटल्यात मी कोर्टाला सांगितलं की सगळं ठीक होतं."

"तिथे तेच हवं होतं. इथे हे हवंय. कोर्टही वेगळं, न्यायाधीशही वेगळा." ते हसले. "तू वकील आहेस की पोलीस?"

"दांडा बदलला?"

"बदलू की उन्हाळ्यात. आत्ता तीस डबे उभे आहेत रुळावर. पट्टा थांबवला तर आणखी एक दावा लागेल, मग पुन्हा तुलाच दगदग." त्यांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला. "तुझी धाकटी उल्बोसिन खाली प्रयोगशाळेतच असते ना? पट्ट्याच्या अगदी पायथ्याशी. गुणी बाई आहे. आम्ही तिला घरचीच मानतो."

ही माया होती की धमकी, हे राउशानला तेव्हा कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही.

परतीचा रस्ता नव्वद किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना बर्फाखाली झोपलेलं माळरान, समोर वाहन नाही. अर्ध्या वाटेत तिनं गाडी बाजूला घेतली आणि चाकावरच्या आपल्या हातांकडे बघत राहिली. खोटी नोंदवही कोर्टापुढे ठेवणारे हात तिचेच होते. हे बाहेर आलं तर सनद जाणार. आणि बाहेर काढायचं म्हटलं तर अशिलाचं गुपित फोडलं म्हणून सनद जाणार. गप्प बसलं तर पट्टा फिरत राहणार, आणि त्याच्या खाली तिची धाकटी बहीण गव्हाचे दाणे मोजत बसणार.

घरी पोचताच तिनं बहिणीला फोन केला. लागोपाठ दोन मुली झाल्या, पुढच्या खेपेला तरी मुलगा व्हावा म्हणून बापानं धाकटीचं नाव 'मुलगा होऊ दे' अशा अर्थाचं ठेवलं होतं, उल्बोसिन. मुलगा झालाच नाही, पण उल्बोसिननं बापाची जीभ मात्र पुरेपूर उचलली होती.

"चार दिवस माझ्याकडे ये ना," राउशान म्हणाली.

"का गं? आजारी आहेस?"

"नाही. सहज."

"एवढ्या बर्फातून सहज? नवरा बघितलास की काय माझ्यासाठी?"

"उल्बोसिन, रजा टाक म्हणते ना मी."

"रजा? तीस डबे उभे असताना? आपाय, पाळी सोडली की माणसाला कसं काढायचं हे तूच शिकवलंस आमच्या साहेबांना. आता मला म्हणतेस रजा टाक."

 पलीकडे उल्बोसिनचा आवाज उतरला. "काय झालंय? खरं सांग."

"काही नाही. झोप नीट लागत नाही, एवढंच."

ते तरी खरं होतं. तेव्हापासून फोन वाजला की ती हातातलं टाकून धावे. वाजला नाही की तो चालू आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघे. स्वयंपाकघरात कुकरचं झाकण सटकलं तर ती भिंतीला चिकटून उभी राही. कायद्याची पुस्तकं तिनं पुन्हा उघडली. गुपिताचं कलम तिला तोंडपाठ होतं, तरी दहादा वाचलं, एखादी फट सापडते का बघायला. एक सापडली. अशिलानं जे सांगितलं ते गुपित. वकिलानं स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं, त्याबद्दल पुस्तक काही बोलत नव्हतं.

चौथ्या दिवशी ती बोझतोबेला गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कंपनीची वकीलबाई म्हणून सलाम ठोकला आणि कुठे जायचं हेही विचारलं नाही. प्रयोगशाळेपाशी पोचायच्या आतच तिला वास आला. घोड्याला नाल ठोकताना खूर करपतो, तसा.

"हा वास कसला?" तिनं उल्बोसिनला विचारलं.

"कसला?" उल्बोसिननं नाक वर केलं. "अच्छा, हा. असतो तो. सवय झालीय. पण तू इथे कशी?"

"वर जाऊन येते."

"वर? तुला दोन मजले जिना चढवत नाही, आणि वर?"

वर जायला दोनशेच्या आसपास लोखंडी पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरी थरथरत होती आणि ती थरथर बुटांतून गुडघ्यांपर्यंत येत होती. वरून दोन मजले खाली पाळीवरचा एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीचा, कानटोपी घातलेला. तिला बघून तो उठला.

"तुम्ही वर बसत नाही?" तिनं विचारलं.

"वर कोण बसतंय, आपाय." तो ओशाळून हसला. "तासाला एकदा जाऊन बघतो. पळत जातो, पळत येतो. दोन पोरी आहेत मला."

राउशान एकटीच पुढे गेली. दार उघडलं आणि घरघर अंगावर आली. खोलीत धूळ तरंगत होती, खिडकीतून आलेल्या उन्हात ती दुधासारखी दाट दिसत होती. भिंतीवर तापमान सांगणारी डबी होती आणि तिच्यातून निघालेली तार हवेत लोंबकळत होती. दुसरं टोक तोडलेलं, स्वच्छ, पकडीनं तोडल्यासारखं. पट्ट्याच्या टोकाशी बेअरिंगची लोखंडी खोबण होती. तिनं हातमोजा काढून हात पुढे नेला. वीतभर अंतरावरच तळव्याला तापलेल्या तव्याची धग लागली.

पळायला हवं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं, तरी हात तिनं तसाच धरून ठेवला. चोवीस वर्षं कागदावर लिहिलेला धोका ती वाचत आली होती, खोडत आली होती, त्याला दुसरा शब्द शोधत आली होती. हा इथे तिच्या हाताशी जळत होता. शेवटी कठड्याला धरून, एकेक पायरी उलटी उतरत ती खाली आली. कानटोपीवाल्यानं तिच्या कोटावरची धूळ झटकली.

तिनं आवारातूनच तोलेगेन आगांना फोन लावला.

"आगा, पट्टा बंद करा. आत्ता. मी वर जाऊन आले."

"तू कशाला गेलीस वर?" आवाज गोडच होता.

"आणि तो अहवाल दाखल करू नका. त्यात कापलेल्या तारेचं लिहिलंय. उशीर आपल्याच चुकीनं झाला असं गिरणीवाले म्हणतील. आपण हरू."

"तारेचं कोण वाचतंय. धोका होता, एवढं दिसलं की झालं. दाखल कर. तशी लेखी चिठ्ठी पाठवतो, म्हणजे तुझ्यावर काही यायचं नाही. आणि राउशान, जिने चढायचं वय नाही आपलं. जपावं माणसानं."

चिठ्ठी संध्याकाळच्या आत आली, सहीशिक्क्यासकट. पट्टा चालूच राहिला.

सुनावणी कोस्तानायला, व्यापारी न्यायालयात, एप्रिलच्या नऊ तारखेला होती. मधले तेरा दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. रोज सकाळी उल्बोसिन कामावर पोचल्याचा निरोप येईपर्यंत ती चहाला हात लावत नसे. शेवटी उल्बोसिनच वैतागली. "रोज काय हजेरी घेतेस? शाळेत आहे का मी?"

न्यायाधीश बोंदारेन्को चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत. संथ माणूस, पण पान चुकवत नसे. राउशाननं अशिलाच्या चिठ्ठीप्रमाणे अहवाल दाखल केला आणि बाजू मांडली. यंत्र धोक्याचं होतं, थांबवणं भाग होतं. ती नीट बोलली. आवाज कापला नाही. मागच्या बाकावर तोलेगेन आगा हाताची घडी घालून समाधानानं ऐकत होते.

बोंदारेन्कोंनी अहवालाचं शेवटचं पान उलटलं.

"दांडा बदलेपर्यंत पट्टा चालवू नये, असं म्हटलंय. बदलला का?"

अशा प्रश्नाचं उत्तर ती झोपेतही देऊ शकली असती. याबाबत माहिती घेऊन कळवते. चार शब्द. न्यायाधीश मान हलवतात, पुढची तारीख पडते. तिनं तोंडही उघडलं, आणि त्या क्षणी तिला इतकी भीती वाटली की समोरची भिंत पांढरी दिसू लागली. त्या तारखेपर्यंत आणखी तीन आठवडे पट्टा फिरणार.

"नाही," ती म्हणाली. "बदललेला नाही. पट्टा आज चालू आहे. मी स्वतः पाहिलंय. तार अजून तुटलेली आहे, आणि खाली माणसं काम करताहेत."

 गिरणीच्या वकिलाचं लिहिणं थांबलं. बोंदारेन्कोंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सुनावणी थांबवून तिथल्या तिथे तपासणी खात्याला आदेश लिहायला बसले.

बाहेर पडताना तोलेगेन आगा दाराशी उभे होते. तिचा कोट त्यांच्या हातात होता. पाहुणीला घालावा तसा त्यांनी तो तिच्या खांद्यांवर घातला, गळपट्टा नीट केला.

"थंडी आहे," ते म्हणाले. "जपून जा."

ती गाडीत बसली आणि दारं आतून लावून घेतली. मग उल्बोसिनला फोन केला. उल्बोसिननं उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा केला. सव्वाचार वाजता तिचाच फोन आला.

"तपासणीवाले आलेत. सगळं बंद केलंय. आम्हाला बाहेर काढलं, कोटसुद्धा घेऊ दिले नाहीत. आपाय, हे तू केलंस?"

"हो."

उल्बोसिननं फोन ठेवून दिला. राउशान मग गाडीतच बसून रडली, मोठ्यानं.

बेअरिंगची खोबण उघडली तेव्हा आतल्या गोळ्या तापून निळ्या पडल्या होत्या आणि कडं तडकलेलं होतं. किती टिकलं असतं, असं कुणीतरी तपासनिसाला विचारलं. तासभर किंवा वर्षभर, तो म्हणाला, कोण सांगणार.

कंपनी गिरणीचा खटला हरली. काइरोल्ला आगांचा निकाल नव्या पुराव्यावर उघडला गेला आणि ते जिंकले. त्यांनी राउशानला एकदाच फोन केला.

"वर गेली होतीस म्हणे."

"गेले होते, आगा."

"भ्यालीस?"

"फार."

"तीन वर्षं माझं रोज हेच व्हायचं," ते म्हणाले. "घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं." मग त्यांनी फोन ठेवला. आभार मानले नाहीत. ती वाटही बघत नव्हती.

तोलेगेन आगांनी काहीच केलं नाही, म्हणजे दिसेल असं काही नाही. एक तक्रार तेवढी वकील मंडळाकडे गेली. पण राउशान महिनोन् महिने जिन्यात पावलं वाजली की दाराच्या भोकातून बघायची, गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून चाकं तपासायची. तीन कंपन्यांनी आपल्या फायली परत नेल्या. एका मालकानं तर निरोप धाडला, 'बाई चांगल्या आहेत, पण आमचं गुपित घेऊन कोर्टात बसतील.' मे महिन्यात शिस्तपालन समितीपुढे तिला दोन तास उभं केलं. पट्टा चालू असल्याचं तिनं स्वतः पाहिलं होतं, अहवाल अशिलाच्या लेखी चिठ्ठीनं दाखल झाला होता, या दोन मुद्द्यांवर सनद वाचली. चार विरुद्ध तीन मतांनी. नोंदवहीबद्दल सक्त ताकीद मिळाली, आणि ती तिनं मान खाली घालून घेतली.

कोठार ऑगस्टपर्यंत बंद राहिलं. साठ-सत्तर घरांत पगार थांबला. बोझतोबेच्या बाजारात बायका उल्बोसिनशी बोलेनाशा झाल्या. कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, विकणाऱ्या म्हातारीनंही म्हणे तिला माल नाही म्हणून सांगितलं, समोर पोतं भरलेलं असताना. जूनच्या पहिल्या आठवड्यात उल्बोसिन दोन पिशव्या घेऊन राउशानच्या दारात उभी राहिली.

"चार दिवस ये म्हणाली होतीस ना," ती म्हणाली. "आले."

आठवडाभर दोघी कामापुरतंच बोलल्या. उल्बोसिन कणीक मळायची, राउशान भांडी घासायची. एका दुपारी उल्बोसिन लाटता लाटता थांबली. हात पिठात तसेच.

"एक विचारू? मी तिथे खाली नसते, तर तू बोलली असतीस?"

राउशाननं नळ बंद केला.  कानटोपीवाल्या त्या माणसाच्या दोन पोरी तिला आठवल्या. त्याला भेटायच्या आधीच तिनं बहिणीला फोन केला होता, हेही आठवलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

उल्बोसिननं तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून ती पुन्हा लाटायला लागली.